जावयाने लावलेला अपडेट

आमच्या घरात वीज आली ती शेजाऱ्यांच्या खिडकीतून. मीटर घेण्याची आमची ऐपत नव्हती. बाबा एका शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होते, आई निंदण-खुरपणाला जायची. शेजाऱ्यांनी उपकार केल्यासारखी एक वायर कुडावरून आमच्याकडे टाकली होती आणि तिच्या टोकाला एक पिवळा बल्ब लोंबत होता. उपकाराला अटी फार. कोणी नसलेल्या खोलीत बल्ब जळताना दिसला की शेजारीण अंगणातून ओरडायची, आणि तिचा आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा. एकदा आम्ही सगळे अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो आणि बल्ब आत एकटाच जळत होता. शेजाऱ्याने सरळ वायर ओढून घेतली. ती परत मिळावी म्हणून आई त्यांच्या दारात किती वेळ उभी होती, ते मी कुडाच्या फटीतून पाहिलंय.

तेव्हापासून आईच्या हाताला एक सवय जडली. खोलीत माणूस नाही आणि काही चालू आहे, असं दिसलं की तिचा हात आपोआप बटणाकडे जातो. पुढे आमचं स्वतःचं मीटर आलं, पक्की खोली झाली, मी कारंज्याला रोज एसटीने जाऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटकसुद्धा ओलांडलं नव्हतं. हे सगळं बदललं, आईची सवय मात्र बदलली नाही. बदलावी असं मला कधी वाटलंही नाही.

पदवी मिळाल्यावर मी आमच्या इंझोरी गावात, घराच्या पुढच्या खोलीत एक डेस्कटॉप मांडला आणि मुलींना मराठी टायपिंग शिकवायला लागले. एकच संगणक. मुली पाळीपाळीने बसत. बाकीच्या पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं चालवत. शहरातल्या कोणाला याचं हसू येईल. येऊ द्या. त्या पुठ्ठ्यावर शिकलेल्या पोरी परीक्षा पास झाल्या आहेत.

आता भाऊजींविषयी. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, वाशिमला एका कचेरीत आहेत. कचेरीत संगणक आहे, म्हणून त्यांना संगणकातलं सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. त्याच न्यायाने कचेरीत पंखा आहे म्हणून त्यांना हवामानही कळायला हवं. पण आमच्याकडे जावई म्हणजे जावई. त्याने उशीवर पाय ठेवले तरी उशी बदलायची, पाय हलवा म्हणायचं नाही. 'नको' हा शब्द जावयासमोर कोणी उच्चारत नाही.

त्या दिवशी ते बहिणीला माहेरी सोडायला आले होते. कोंबडी शिजत होती, मी विहिरीकडे गेले होते. भाऊजींना करमेना, म्हणून ते माझ्या खुर्चीवर बसले आणि संगणक चालू केला. पडद्यावर एक पाटी उघडली, नवा बायोस आला आहे, अपडेट करायचा का? बायोस म्हणजे संगणकाच्या आतल्या मदरबोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये लिहिलेली पहिली शिकवण. संगणक जागा झाला की आधी ती वाचतो आणि मगच बाकीचं सगळं. ती बिघडली तर पुढचं काहीच सुरू होत नाही. संगणक व्यवस्थित चालत असेल तर तिला उगाच हात लावू नये. भाऊजींनी लावला. कोणाला विचारलं नाही, कारण जावई विचारत नसतो.

संगणक बंद होऊन पुन्हा उठला, काळ्या पडद्यावर पट्टी हळूहळू भरू लागली, खाली इंग्रजीत लिहून आलं की बंद करू नका. तेवढ्यात आतून हाक आली, पान वाढलंय. जावयाचं पान वाढलं की जावई उठतो. भाऊजी उठले, हात धुतले, जेवायला बसले.

आई झाडू घेऊन पुढच्या खोलीत आली. खोलीत कोणी नाही, पडदा काळा, संगणकाचा डबा मात्र घुरघुरतोय. तिने भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद केलं आणि कोपरा झाडायला लागली.

मी परतले तेव्हा भाऊजी बडीशेप चघळत संगणकासमोर उभे होते. त्यांनी बटण पुन्हा लावलं होतं, डब्यातला पंखा फिरत होता, पण पडदा मेलेला होता. काय झालं ते आईनेच सांगितलं, लपवलं नाही. भाऊजींचा चेहरा एकदम खुलला. दोष ठेवायला जागा सापडली की काही माणसांना जेवण पचतं.

"मामी, तिथं लिहून होतं ना, बंद करू नका म्हणून," ते म्हणाले. आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो.

"मले काय वाचता येते, जवाईबुवा? खोलीत कोणी नव्हतं."

"तेच तं म्हणतो. अडाणी माणसाचा हात मशीनले लागू देऊ नये."

आईने झाडू भिंतीला टेकवला. बहीण खाली पाहत राहिली. आणि मीही गप्प बसले, कारण तो जावई होता आणि त्याच्या तोंडाला अजून आमच्या कोंबडीचा वास होता.

त्या दिवसापासून आईने बटणाला हात लावणं सोडलं. दिवा लावायचा असेल तर मला हाक मारायची. मी घरात नसले तर अंधारात बसून राहायची. आपल्या पैशाच्या मीटरखाली, आपल्या घरात. संगणक मला वाचवायचा होताच, मुलींची परीक्षा जवळ आली होती. पण त्याहून जास्त मला ते 'अडाणी माणसाचा हात' हे वाक्य खोडून काढायचं होतं. डबा मेला असता तर ते आईच्या नावावर कायमचं राहिलं असतं.

डबा घेऊन मी कारंज्याच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कोणी पुरुष आहे का ते पाहिलं. कॅबिनेट उघडण्याआधीच त्याने निदान केलं, बोर्ड डेड. मग ग्राहकाच्या समाधानासाठी रॅम काढून तिच्यावर खोडरबर घासलं. खोडरबर हे आमच्या भागातल्या संगणक दुरुस्तीचं एकमेव शास्त्र आहे. फुंकर मारली, परत बसवली, आणि डॉक्टर नातेवाइकांना पाहतो तसं माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, चिप पुन्हा लिहिता येत नाही का? तो हसला.

"म्याडम, ते युट्यूबवर असते. घरी कोणी भाऊ असन तर पाठवा, त्याले समजून सांगतो."

मी डबा उचलला. भाऊ मला नाही, आणि असता तरी त्याला माझ्याकडेच पाठवला असता.

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर एक रेकॉर्ड केलेला गोड आवाज मला एक दाबा, दोन दाबा करत होता. शेवटी जिवंत माणूस भेटला, त्याने अपडेट का करत होतात असं विचारलं. तुमच्याच पाटीने सुचवलं म्हणून, असं मी सांगितलं. सुचवणं वेगळं आणि जबाबदारी वेगळी, अशा अर्थाचं काहीतरी त्याने फार नम्रपणे सांगितलं आणि फोन ठेवला.

मग मी तेच केलं जे आधी करायला हवं होतं. मदरबोर्डासोबत आलेलं पुस्तक काढून वाचलं. हे पुस्तक ना दुकानदार उघडतो ना कंपनीचा साहेब. त्यात शेवटाकडे लिहिलेलं होतं की अपडेट अर्धवट राहिला तर पेनड्राइव्हमधून बायोस परत घालता येतो. फाइलला ठरलेलं नाव द्यायचं, पेनड्राइव्ह ठरलेल्या जागी लावायचा, ठरलेली कळ दाबून धरून संगणक सुरू करायचा. म्हणजे बोर्ड मेलेला नव्हता. त्याची पहिली शिकवण अर्धी पुसली गेली होती, पण पुन्हा शिकण्याची सोय शिल्लक होती.

मैत्रिणीच्या लॅपटॉपवर फाइल उतरवली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. डब्यावरचं मॉडेल पाहून मी फाइल घेतली होती. बोर्डावर बारीक अक्षरात छापलेली आवृत्ती वेगळी निघाली. मोबाइलचा टॉर्च धरून ती अक्षरं वाचली आणि बरोबर फाइल आणली. तरीही काही नाही. मग लक्षात आलं, माझा पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, ती या बोर्डाला वाचताच येत नव्हती. कॉलेजातला जुना, छोटा पेनड्राइव्ह शोधला, त्याला या बोर्डाला कळेल तसा फॉरमॅट केला आणि डब्याच्या मागच्या बाजूला लावला. कळ दाबून धरली. पडदा काळाच, पण पेनड्राइव्हवरचा दिवा लुकलुकला, म्हणजे बोर्ड फाइल वाचू लागला होता, लिहिणं अजून सुरू झालं नव्हतं. मी लगेच सगळं बंद केलं.

बंद केलं, कारण आता पुन्हा अर्ध्यात वीज गेली असती तर पुढची सोय कुठल्याच पुस्तकात नव्हती. आणि आमच्याकडची वीज सांगून येत नाही, सांगून जात नाही. माझा यूपीएस कधीचा कुंडी ठेवायच्या कामी लागला होता. स्टँडवर बॅटरीचं दुकान असलेल्या चाचांकडे गेले. त्यांनी इन्व्हर्टर उसना दिला, भाडं विचारलं तर म्हणाले, "बेटा, आधी मशीन जिंदा कर, मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इन्व्हर्टरवरून भिंतीवरच्या बोर्डाला वीज दिली, सगळं जोडलं आणि आईला बोलावलं. तिला बोर्डाखाली पाट दिला.

"इथं बस. पट्टी पुरी भरेपर्यंत कोनाले या बटनाले हात लावू देऊ नको."

"मलेच बसवतं काय?" आई म्हणाली.

"तुलेच."

ती बसली, बोर्डाला पाठ लावून. दिवा लुकलुकला, बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग पडद्यावर ती पट्टी आली. अर्धी भरली असेल, तोच दारात मोटरसायकल थांबली. भाऊजी बहिणीला न्यायला आले होते. आत येऊन त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मान हलवली, कायले मेहनत करून राह्यली, नवाच घ्या, असं काहीतरी म्हणाले. मग खिशातून चार्जर काढला. आमच्या खोलीत एकच बोर्ड आहे, आणि आमच्या घरातली कुठलीही गोष्ट बाजूला सारून आपलं लावायची त्यांना सवय आहे. त्यांचा हात संगणकाच्या पिनेकडे गेला.

आई उठली नाही. फक्त हात आडवा केला.

"जवाईबुवा, हात लावू नका."

माझ्या बहिणीच्या लग्नानंतर आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं. भाऊजी थांबले. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मामी, मोबाइल लावून राह्यलो फक्त."

"तुमचा मोबाइल काही मरून नाही राह्यला. हे अर्ध्यात बंद झालं तं मरन. तिथं लिहून हाये."

तिला ते वाचता येत नव्हतं. पण ज्याला येत होतं तो त्या दिवशी कोंबडी खायला उठून गेला होता. मी तेवढंच म्हणाले, अगदी हळू, कारण हळू म्हटलेलं जास्त दूर जातं.

"भाऊजी, त्या दिवशी सुरू कोनं केलं होतं? आन् सुरू करून उठून कोन गेलं होतं?"

बहीण आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिने तो त्यांच्या हातात दिला नाही, खाली ठेवला. भाऊजींनी चार्जर गुंडाळला, खिशात घातला, आणि बाहेर जाऊन मोटरसायकलचा आरसा पुसत बसले. कचेरीतही ते हेच करत असावेत.

पट्टी भरली. संगणक एकदा बंद झाला, आणि आईने माझ्याकडे पाहिलं. मग पंखा फिरला, पडदा उजळला.

नंतर वाशिमला भाऊजींनी काय सांगितलं ते बहिणीकडून कळलं. बायोसची फाइल त्यांनीच सुचवली होती म्हणे. सुचवू द्या. त्या पुस्तकाचं कव्हरही त्यांनी पाहिलेलं नाही.

संगणक तोच आहे, आतला बोर्डही तोच. मुली त्याच्यावर शिकल्या आणि टायपिंगची परीक्षा पास झाल्या. वर्ग सुटला की आई दारातून विचारते, आत काही चालू हाये काय? मी नाही म्हटलं की ती येते आणि बटण बंद करते.