चौथा कोपरा

ब्रोडी गावातल्या ज्यू लाकूडवाल्या हॉर्विट्झांचे नवरदेव दोन पिढ्या एकाच शिंपी घराण्याच्या कोटात मांडवाखाली उभे राहिले. आजोबांचा कोट गेत्सल शिंप्याच्या आजोबांनी शिवला, वडिलांचा त्याच्या वडिलांनी. काळा, सरळ, घोट्यापर्यंत लांब. हॉर्विट्झांचा अव्रोम जन्मला त्याच दिवशी गेत्सलने मनात धरलं होतं, याचा कोट आपला.

पण अव्रोमचं लग्न ठरलं तेव्हा कोट गेला कालमनकडे. कालमन गेत्सलच्या बायकोचा धाकटा भाऊ, सहा वर्षं व्हिएन्नात राहून आलेला. गावात परतताच त्याने कोट गुडघ्यापर्यंत वर नेला, कंबरेत घेतला, मागे उभा काप दिला, आणि गावची तरणी पोरं त्याच्या दारात उभी राहू लागली. तुझा भाऊ कापड वाचवतो आणि लोक त्याला कला म्हणतात, असं गेत्सल बायकोला ऐकवी. मग तुम्हीही वाचवा, म्हणे पेर्ल. त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

लग्नाच्या सकाळी तो अव्रोमकडे गेला. आशीर्वाद द्यायला, असं सांगून. खरं तर खोट काढायला. खांदे पाहिले, बाह्या पाहिल्या. बोट ठेवायला जागा नव्हती. मग अव्रोम वळला. मागच्या कापाची खालची दोन्ही टोकं चौकोनी होती. पुढची दोन, मागची दोन. चार कोपऱ्यांच्या वस्त्राला धर्माने सांगितलेले गोंडे हवेत, नाहीतर ते अंगात घालणं पाप; म्हणून इथला शिंपी एक कोपरा न चुकता गोल करतो. व्हिएन्नात कालमन ते विसरला होता.

गप्प बसावं, संध्याकाळी रब्बींच्या नजरेस पडेलच. कालमनचा चेहरा कसा उतरेल, ते गेत्सलने मनातल्या मनात दोनदा पाहून घेतलं. पण समोर पोरगा उपाशी होता. लग्नाच्या उपासाने सारी पापं धुतली जातात म्हणतात, आणि याच्या पाठीवर नवं लोंबत होतं.

"काढ तो कोट."

"का काका, आवडला नाही?"

"आवडला. म्हणूनच काढ."

अस्तर उसवताना त्याला दिसलं, कुणी कधी पाहणार नाही असे आतले टाकेही त्याच्या टाक्यांहून बारीक होते. त्याने कोपरा गोल केला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी जो तो कोटाला हात लावून कालमनचं नाव घेत होता. नाचताना अव्रोमची पाठ वळली तेव्हा कालमनला तो गोल कोपरा दिसला. आपण काय विसरलो होतो ते त्याला कळलं. थोड्या वेळाने तो गेत्सलशेजारी येऊन बसला.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "उपकार झाले." मग कोटाकडे पाहत, "टाके तेवढे मोठे पडलेत."

"घाई होती," गेत्सल म्हणाला, आणि बायकांतून पाहणाऱ्या पेर्लकडे न बघता त्याने पेला कालमनपुढे केला.