अण्णांच्या हाताचं माप

घराच्या कामात भरवसा कोणावर ठेवावा, सांगा बरं? गवंड्यावर, सुतारावर, की सख्ख्या थोरल्या भावावर? मी तिघांवरही ठेवला होता. काय झालं ते ऐका आणि मग उत्तर द्या. घर काढलं की चुना, वाळू, लाकूड मागवावं लागतं. किस्से मात्र न मागवता येऊन पडतात, आणि काम संपल्यावरही उरतात.

आमचं घर बीडच्या पेठेत, आजोबांनी बांधलेलं. दगडी भिंती, सागवानी खांब, वर मातीचं माळवद, आणि माळवदात साणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. कापडाच्या खरेदीला मी हैदराबादेस गेलो होतो, तिथल्या एका कोठीत लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी टाकलेलं छत पाहिलं, खिडक्यांना काचा पाहिल्या. मनात भरलं. जुनं घर दुरुस्त करायचं आणि अंगणाच्या अंगाला तसाच एक दिवाणखाना काढायचा. घरात सुना आल्या होत्या, पंगतीला जागा पुरत नव्हती.

थोरले बंधू अण्णा म्हणाले, "जुन्याची डागडुजी कर, किसन. पण त्या लोखंडाच्या खोलीचा उंबरा मी ओलांडणार न्हाई."

अण्णा एकदा एका लग्नात रुसून लाडू सोडतो म्हणाले, त्यांनी तो पुन्हा तोंडात घातला नाही. असा माणूस! थोरला जिथं जेवत नाही तिथं धाकटा जेवू लागला, की एका घराच्या दोन चुली व्हायला वेळ लागत नाही. मला तेवढीच एक धास्ती होती.

*

गर्डर जालन्याच्या ठेसनावरून बैलगाड्यांनी आले. गल्लीत वळेनात, म्हणून वेशीबाहेर उतरवले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, बीडला रेल्वे येणार.

लिंबागणेशचा एक शेतकरी म्हाताऱ्या आईला घेऊन, गाठोडं बांधून दारात हजर. "शेट, गाडी कवा सुटती? आईला काशी करायची हाय."

मी सांगितलं, बाबा, हे माझ्या छताला आहे. त्यानं गाठोडं खाली ठेवलं. "म्हंजी आमची रेल्वे तुमी घरावर घालताय व्हय?"

अण्णांनी म्हातारीला पाणी दिलं. "टेका घटकाभर. रेल्वेला अजून येळ हाय."

*

आमच्याकडे मोजमाप हातानं. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. उस्मान मिस्त्रीनं दाराला चार हात उंच जागा सोडली, विठोबा सुतारानं चौकट चार हातच उंच केली. मिस्त्री ताडासारखा, सुतार ठेंगणा. चौकट उभी केली, तर वरून मांजर शेपटी ताठ करून गेलं असतं.

दोघं आपापला हात पुढं करून भांडायला लागले. गज कोणाचा ते आधी विचारावं, हे मी दुकानात गिऱ्हाइकाला शिकवतो, आणि घरी विसरलो.

अण्णा जुन्या ओसरीवरूनच गरजले, "दोघंबी हात खाली घ्या. हे घर आज्यानं बांधलं, आन् माझा हात आज्यावर गेलाय."

झालं. त्या दिवसापासून माप अण्णांच्या हाताचं. ते नव्या बाजूला पाऊल टाकत नसत. ओसरीच्या कडेला उभं राहून हात लांब करत, विठोबा त्यावर दोरी धरून पळत सुटे. त्यांनी विरोध केला तो असा, की अख्खी खोली त्यांच्याच हातानं उभी राहिली.

एकदा विठोबा अण्णांच्या पोटाभोवती दोरी फिरवताना दिसला. मी विचारलं, हे काय?

"बंडी शिवायची हाय," अण्णा म्हणाले. "दर्जी गावाला गेलाय."

मी कापडाचा व्यापारी, तरी सुतार बंडीचं माप घेतोय हे मला खटकलं नाही.

*

जुन्या माळवदाचे किडलेले वासे बदलायचे होते. अण्णांनी बजावलं, वरची माती उतरवा, पण परत तीच टाका. शेजारच्या वकिलांचंही माळवद निघालं होतं. गाढववाल्यानं ढीग ओळखण्यात घोळ केला, आमची माती वकिलांच्या घरावर आणि वकिलांची आमच्यावर.

पहिल्याच सरीत आम्ही घरभर पातेली मांडली. वकिलांकडे थेंब नाही. अण्णा गळक्या छताखाली परात धरून उभे, तोंडावर कोण समाधान.

"बघ किसन, आपली माती अजून थेंब सोडत न्हाई!"

*

काचा बसल्या तेव्हा वडवणीचे एक देशमुख पाहायला आले. तोंडात विडा. छताची तारीफ झाली, फरशीची झाली. मग खिडकीशी गेले आणि बाहेर अंगणात जोरात पिंक टाकली.

खिडकी बंद होती.

देशमुख धोतर पुसत म्हणाले, "काच लई साफ हाय हो."

ओसरीवरून अण्णा म्हणाले, "आमच्या साण्यानं आजवर कुण्या पाव्हण्याला फसवलं न्हाई."

*

वास्तुशांत झाली. तिच्या आदल्या दिवशीच मी पाहिलं होतं, नव्या छतालाही साणं ठेवलेलं, आणि चांगलं ऐसपैस. मी उस्मानला विचारलं, कोणी सांगितलं? म्हणाला, "उजेड बरा येतो, सेठ." वाटलं, अण्णांचं मन राखायला ठेवलं असेल.

नव्या दिवाणखान्यात पंगत बसली. मधलं पान अण्णांचं, रिकामं. ओसरीवर पाहिलं, तिथं नुसतेच जोडे. वहिनी भाताचं भांडं घेऊन भिंतीशी उभ्या. "ते बसल्याबिगर मी वाढायची न्हाई." माझी बायको माझ्याकडे बघेना. देशमुख घसा खाकरत राहिले. मला डोळ्यांपुढे दुसरी चूल दिसायला लागली.

एवढ्यात खोलीतला उजेड कमी झाला. सगळ्यांनी वर पाहिलं. साण्यातून दोन पाय खाली येत होते.

कोपऱ्यातली शिडी विठोबानं केव्हा पुढं ओढली, कळलं नाही. पाय आले, धोतर आलं, आणि मग पोटापाशी जरा थांबलं. वरून उस्मानचा आवाज आला, "माप बराबर हाय मालक, फकस्त श्वास सोडा."

अण्णांनी श्वास सोडला. खाली उतरले, अंगावरचा चुना झटकला आणि पानावर बसले.

देशमुखांनी विचारलं, "अण्णा, हे काय?"

"उंबरा ओलांडला का मी?"

"न्हाई."

"मग वाढा."

तेव्हा मंडळी, हे पुढं कुठं सांगाल तर एवढं करा, हिशेब इमानानं ठेवा. रेल्वे, चौकट, माती, सगळं खुशाल माझ्या नावावर मांडा. पण अण्णा दारातून आले, असं कुठं लिहू नका.