जैना रंगारणीचे लाल हात

जैनाने महाराजांवर करणी केली अशी आवई नवांकोटात उठली, तेव्हा गल्लीतल्या शहाण्यांनी तिच्या दारावरून जायचंसुद्धा सोडलं. पुढे कळलं ते एवढंच, की बाईचे हात कोपरापर्यंत लाल होते. करणी वगैरे काही नाही. पण खरं सांगायचं तर करणी परवडली असती.

कारण नवांकोटच्या गादीची पगडी मंजिष्ठेच्या लाल रंगात रंगते, आणि ती बांधायची नव्या राजाने, गादीवर बसताना. मंजिष्ठ म्हणजे का घाईचं काम आहे? तुरटीत भिजवा, उकळा, वाळवा, पुन्हा बुडवा. पंधरवडा सहज जातो. आणि महाराज गजवंत सिंग तर अजून जिवंत होते. छातीत कफ साठून अंथरुणाला खिळलेले, पण जिवंत! ते उठेपर्यंत रंगाऱ्यांनी भट्ट्या थंड ठेवाव्यात, असा हुकूम होता.

असं असताना ही बाई गुरुद्वाऱ्यात, आत महाराजांना बरं वाटावं म्हणून अरदास चाललेली, लंगरात रोट्या लाटायला बसली. घरात बसली असती तर लोकांनी तेही विचारलं असतंच म्हणा. राख लावून, लिंबू चोळून झालं होतं. मंजिष्ठ कुणाच्या बापाला ऐकत नाही. पांढऱ्या कणकेवर लालभडक बोटं! शेजारच्या संतीचं लाटणं थांबलं.

"अगं जैने, मेंदी कुणाच्या लग्नाची?"

"माझ्याच. तुझ्या नवऱ्याशी. पाठवतेस ना?"

"ने बाई, घोरतो फार," संती म्हणाली, पण हसली नाही. उठून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसली. दिवस मावळायच्या आत गावभर झालं.

पगडीचं कापड आलं होतं मागच्या दाराने, गोधडीत गुंडाळून. दोन राजपुत्रांपैकी एकाचा स्वार घेऊन आला होता. नाही कसं म्हणणार? स्वाराच्या कमरेला तलवार होती, जैनाच्या कमरेला किल्ल्यासुद्धा नव्हत्या.

तसं महाराजांचं सगळं आयुष्य तिच्याच हंड्यातून गेलेलं. लग्नातली गुलाबी पगडी, पहिल्या मोहिमेवरची केशरी. सतलजच्या काठी मार खाऊन आले, तेव्हा स्वतः दारात उभे राहिले. "हिचा रंग उतरव, माई. बघवत नाही," म्हणाले. राणीसाहेब गेल्यावर पांढऱ्यालाही नीळ द्यायला तिच्याकडेच पाठवायचे. गादीची लाल तेवढी तिच्या नवऱ्याने रंगवली, इलाहीबक्षने. हंडा ढवळला जैनाने. त्याच वर्षी त्याचा उजवा अंगठा गेला. कसा गेला विचारलं की म्हणायचा, "हंड्यात विरघळला." आम्ही हसायचो. तोही हसायचा.

आणि महाराज उठले की हो! गालफडं बसलेली, पण उठले, आणि सगळ्यात आधी जैनाला बोलावणं धाडलं. भर दरबारात लोडाला टेकून बसले होते. उजवीकडे एक मुलगा, डावीकडे दुसरा, दोघांच्या नजरा गालिच्यावर.

"हात दाखव, माई."

तिने दाखवले.

"कुणाचं कापड?"

नाव सांगावं तर एक राजपुत्र जायचा, आणि त्याची माणसं संध्याकाळपर्यंत आख्खी गल्ली जाळायची. न सांगावं तर पोट ज्यावर चालतं ते हात.

"नाव सांग," महाराज म्हणाले, "नाहीतर ते हात इथेच ठेवून जा."

जैनाने ओढणी सावरली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"सरकार, तुमचे वडील असेच खोकत पडले होते, तेव्हा तुमचंही कापड आमच्याकडे मागच्याच दारानं आलं होतं. त्यांनीही उठून हेच विचारलं. माझ्या नवऱ्यानं अंगठा दिला, तुमचं नाव दिलं नाही."