ओळख न दाखवणारा माणूस

आमचे हे रस्त्यात कुणालाही ओळख दाखवत नाहीत. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे. मग वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तो तपासून घेतला, तर अगदी ठीक निघाला. शेवटी एकदा माझी सख्खी मावशी बाजारात समोरून आली आणि हे सरळ कांद्यांच्या ढिगाकडे टक लावून उभे राहिले, तेव्हा माझा पारा चढला.

"ती काय तुम्हाला खाणार होती का?" मी विचारलं.

"आमच्या कामाचा नियम आहे," हे म्हणाले. "समोरच्याने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही."

"मावशी तुमची पेशंट आहे?"

"नाही. पण मी फक्त पेशंटनाच टाळायला लागलो, तर लोकांना कळणार नाही का, कोण कोण पेशंट आहेत ते?"

मावशी त्यानंतर वर्षभर आमच्याकडे फिरकली नाही.

हे सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीचे समुपदेशक आहेत. एकवीस वर्षं झाली. दारू, सिगारेट, झोपेच्या गोळ्या, ज्याला जे सुटत नाही तो यांच्यापुढे येऊन बसतो. खोली व्हरांड्याच्या टोकाला, एक्स-रेच्या पलीकडे. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलाच्या आखूड पायाखाली घडी केलेलं जुनं परिपत्रक, आणि वर फिरणारा पण वारा न देणारा पंखा. पूर्वी दारावर हातभर लांबीची पाटी होती, "व्यसनमुक्ती कक्ष". त्या पाटीखालच्या बाकावर कोण बसणार? सगळे समोरच्या दातांच्या विभागाच्या बाकावर जाऊन बसायचे. कुणी विचारू नये म्हणून गालाला हात लावून. एकदा दातांच्या डॉक्टरीणबाई घाईत होत्या. त्यांनी त्यातल्या एकाला आत घेतलं, खुर्चीत आडवा केला आणि त्याची दाढ काढली. तो बिचारा लाजेपायी ब्रसुद्धा न काढता दाढ देऊन बसला. मग तोंडात कापूस धरून यांच्याकडे आला आणि खुणेनेच म्हणाला, की दारू सोडायचीय. दुसऱ्या दिवशी यांनी पाटी काढून दाराच्या आतल्या बाजूला लावली. वरून लेखी विचारणा आली. यांनी लेखी उत्तर दिलं. तो पत्रव्यवहार अजून चालू आहे.

यांची कामाची रीतही जगावेगळी. "का पिता?" असं हे कधी विचारत नाहीत. विचारतात, "शून्य ते दहामध्ये, सोडावीशी किती वाटते?" समोरचा खाली मान घालून म्हणतो, तीन. तुम्ही-आम्ही म्हणू, फक्त तीनच? हे म्हणतात, "मग शून्य का नाही?" आणि तो माणूस विचारात पडतो. मुलगी बोलत नाही, हात थरथरतात, परवा जिन्यात पडलो, असं एकेक करत सोडण्याची कारणं आपल्याच तोंडाने सांगायला लागतो.

दवाखान्यात हे ठीक आहे हो. पण हा माणूस घरातही तेच करतो. मी भांडायला उभी राहिले, की पंख्याखाली बसून शांतपणे विचारणार, "राग किती आलाय?" मी म्हणणार, आठ! "मग दहा का नाही?" की मी आपली सुरू, की तुम्ही निदान भांडी तरी घासता, माझ्या आईच्या आजारपणात रजा घेतलीत... आणि दोन मिनिटांनी माझ्या लक्षात येतं, की मी यांचं कौतुक करतेय. अशा माणसाशी संसार करणं म्हणजे शिक्षा आहे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या भाचीचं, म्हणजे दादाच्या मुलीचं, लग्न ठरत आलं होतं. दादा निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्ती फक्त कागदावर झालीय, आवाजाला अजून झालेली नाही. त्याचं एकच पालुपद, "दारुड्याच्या घरात मी मुलगी देणार नाही." तो स्वतः वर्षातून एकदा, एकच ग्लास घेतो, आणि त्या एका ग्लासाच्या जोरावर बाकी सगळ्या जगाला दारुडं म्हणतो. मुलाकडची माणसं साधी. मुलाचे वडील घड्याळं दुरुस्त करतात. सगळं पसंत होतं. दादाने मुलाकडच्यांना आणि आम्हाला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं, की पानावरच तारीख पक्की करू.

तेव्हा मला माहीत नव्हतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकते. हे घड्याळवाले दहा महिने यांच्या खोलीत येत होते. केसाइतकी बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलणारे त्यांचे हात दारूने इतके थरथरायला लागले होते, की दुकान बंद ठेवावं लागलं. आता पुन्हा उघडलं होतं. (हे मी त्यांच्या परवानगीने सांगतेय. "बिनधास्त लिहा," म्हणाले.) दादाला कळलं असतं तर लग्न मोडलं असतं, आणि त्यांनी एक घोट घेतला असता तर ते दहा महिने मातीत गेले असते.

दारात पाऊल टाकल्या टाकल्या यांनी घड्याळवाल्यांना पाहिलं आणि लगेच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत डोकं घातलं. दादाने ओळख करून दिली, तर हे गरजेपेक्षा फारच मोठ्याने म्हणाले, "नमस्कार! आपण पहिल्यांदाच भेटतोय!" घड्याळवाले म्हणाले, "हो, अगदी पहिल्यांदाच!" इतक्या आनंदाने अनोळखी झालेली माणसं मी पहिल्यांदाच पाहत होते.

जेवण झालं, तारीख ठरली, आणि दादा आतून बाटली घेऊन आला. कुणा माजी विद्यार्थ्याने दिलेली, सहा वर्षं या दिवसासाठी जपून ठेवलेली. त्याने पहिला ग्लास भरून घड्याळवाल्यांच्या हातात दिला.

"नको, पोटाचं जरा..."

"अहो, पोटाचं काय घेऊन बसलात! मुलीचा बाप आग्रह करतोय. नाही म्हणालात तर संबंध मनापासून नाही असं समजेन."

घड्याळवाल्यांच्या हातातला ग्लास हलायला लागला. ते आता कुणाकडेच बघत नव्हते, फक्त त्या ग्लासाकडे बघत होते. शेजारी त्यांच्या मुलाचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात आमचे हे उठले, टेबलावरून आडवे वाकले, बाही आमटीत बुडवली, त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"तहान लागली होती," हे म्हणाले. जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस!

दादाला आधी गंमत वाटली. त्याने घड्याळवाल्यांसाठी दुसरा भरला. हे तोही प्याले. तिसराही प्याले. मग डोळ्यांतून पाणी काढत खुर्चीत बसले आणि वहिनीला म्हणाले, "वहिनी, तुम्हाला राग आलाय हे मला कळतंय." माझा राग तेव्हा अकरा होता.

दादाचा आवाज मात्र शाळेच्या मैदानावर गेला. "मेहुणे! दुनियेची दारू सोडवायचा पगार घेता आणि इथे हे धंदे? उद्या दवाखान्यात येऊन तुमच्या साहेबांना सांगतो! व्याही, माफ करा हो. आमच्यात असा दारुडा दुसरा कुणी नाही."

यांना एका वाक्यात स्वतःला सोडवता आलं असतं. हे आमटीची बाही पिळत राहिले.

घड्याळवाले उठून उभे राहिले. "दारुडा मी आहे," ते म्हणाले. "आज तीनशे बारावा दिवस. तो ग्लास माझ्या तोंडाला लागणार होता. सरांनी तो माझ्यासाठी घेतला."

भाची मुलाकडे बघत हळूच म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं. यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं."

दादा लाल झाला. "म्हणजे मी एकटाच मूर्ख! हे लग्न होणार नाही. संपला विषय."

"थांबा," घड्याळवाले म्हणाले. पुढचे शब्द माझ्या ओळखीचे होते. "शून्य ते दहामध्ये, लग्न मोडावंसं किती वाटतंय?"

"नऊ!" दादा गरजला.

"मग दहा का नाही?"

मी मनात म्हटलं, दादा, फसलास रे! दादा तोंड उघडून उभा राहिला. "कारण... मुलगा चांगला आहे. आणि ही पोरगी त्याचं नाव काढलं की हसते. आणि तुम्ही..." तो अडखळला. एरवी त्याचं वाक्य कधी अडत नाही. "तुम्ही लपवू शकला असतात. मेहुण्यांचं नाक कापलं जात होतं म्हणून बोललात." मग तो उरलेली बाटली उचलून स्वतःच मोरीत ओतून आला. तारीख ठरली होती तीच राहिली.

परत येताना टॅक्सीत हे खिडकीला डोकं टेकून बसले होते. जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले, बाहीला आमटीचा वास. मला यांचा इतका अभिमान वाटत होता की रडू येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी आवाज चढवला.

"घड्याळवाले तुमचे पेशंट आहेत, हे मला तरी सांगायचं होतंत! आता तर त्यांनी स्वतःच सगळ्यांपुढे सांगितलं. आता तरी बोला!"

यांनी मोठ्या कष्टाने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "कोण घड्याळवाले?"