गुरुवार दुपारचा रकाना

बुधवार, ८ जानेवारी. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. डोंबिवली पूर्वेतलं आमचं घर, जेवणाचं टेबल.

हजर: माझ्या सासूबाई, वय एक्याऐंशी; त्यांना मी आई म्हणते. मानपाड्याच्या मावशी, आईंच्या चर्चमधल्या. आणि मी.

गैरहजर: माझा नवरा. जूनमध्ये गेला.

आईंचं सकाळचं वजन: अडतीस किलो शंभर ग्रॅम.

हजेरी मांडायची सवय नोकरीची. ठाण्याच्या एका कॉलेजात मी परीक्षा विभाग सांभाळते. कुठल्या वर्गावर कोण पर्यवेक्षक, राखीव कोण, आयत्या वेळी आजारी कोण, असले तक्ते करण्यात बावीस वर्षं गेली. सध्या रजेवर आहे आणि घरी एकच तक्ता करते: आईंच्या जेवणाआधी प्रार्थना कोण म्हणणार.

आई नगरकडच्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. आयुष्यभर नर्स होत्या. त्यांच्या घरात जेवायला बसलं की एकाने मोठ्याने प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी डोळे मिटायचे, आमेन म्हणायचं, मग पहिला घास. सासरे होते तोवर ते म्हणत, नंतर माझा नवरा. मी नास्तिक. हिंदू घरातली, पण माझ्या वडिलांनी देव्हारा माळ्यावर टाकला होता आणि तो खाली काढावा असं मला कधी वाटलं नाही. आम्ही लग्न नोंदणी पद्धतीने केलं. आदल्या रविवारी दोघांनी बसून एका वहीच्या शेवटच्या पानावर तीन कलमं लिहिली. एक, मला प्रार्थनेला बोलवायचं नाही. दोन, मी कुणाच्या प्रार्थनेत बोलायचं नाही की हसायचं नाही. तीन, मुलांचं मुलं ठरवतील. तिसऱ्या कलमाची वेळ आली नाही.

बाकीची दोन सव्वीस वर्षं पाळली. प्रार्थना चालू असताना मी चमचा खाली ठेवून, डोळे उघडे ठेवून बसायचे. आईंनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, "बरंय की. आम्ही मिटतो, तू उघडे ठेव. कुकरकडे कुणीतरी बघायला हवं." तेव्हापासून प्रार्थनेत शिट्टी झाली तर उठून गॅस बंद करणं हे माझं काम. याहून चांगला तह मी कुठल्या घरात पाहिलेला नाही.

नवरा गेल्यावर पहिले दोन महिने पाहुण्यांचे होते. नगरहून कुणी, पुण्याहून कुणी, आणि त्यातलं कुणीतरी टेबलाशी प्रार्थना म्हणायचंच. ऑगस्टअखेर घरात आम्ही दोघी उरलो आणि आईंचं जेवण तुटलं. ताट समोर घेऊन बसायच्या. भात निवायचा. चार घास झाले की म्हणायच्या, "पुरे." रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, घशातून दुर्बीण घालून पाहिलं. काही नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी दिवसाचं खाणं लिहून ठेवायला सांगितलं. मी दोन महिने लिहिलं आणि नोव्हेंबरात एका सकाळी वही उघडी ठेवून बसले असताना मला ते दिसलं. चर्चमधलं कुणी भेटायला आलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत थांबलं, त्या त्या दिवशी दीड पोळी, भात, वरण. बाकीच्या दिवशी चार घास.

वही आईंसमोर धरली. "आई, कुणी प्रार्थना म्हटली की तुम्ही जेवता."

त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. "तुझ्या वहीत आहे म्हणजे खरं असणार."

"मग तुम्हीच म्हणा ना. मी गॅसकडे बघते."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "हट्ट नाही गं हा. घास तोंडात फिरत राहतो. खाली जात नाही." 'तुम्हीच म्हणा' हे मात्र त्यांनी टाळलं, आणि टाळलं हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तेव्हा मी तक्ता आखायला घेतला होता.

तक्त्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपार मानपाड्याच्या मावशी. मंगळवारी चर्चचे पाळकसाहेब, जमलं तर. गुरुवारी आणि शनिवारी फोनवरून पुण्याचे चुलतदीर. दोन आठवडे चाललं, वजन सहाशे ग्रॅम वाढलं. मग पाळकसाहेबांच्या मागे नाताळची गडबड लागली. चुलतदिरांची प्रार्थना अर्ध्यात तुटायची. आई डोळे मिटून वाट बघायच्या, फोन पुन्हा लागेपर्यंत वरणावर साय धरायची. मावशींचा गुडघा दुखायला लागला, त्यांचे तीन दिवस एकावर आले. त्या मनाने चांगल्या आहेत, रिक्षाने येतात आणि जिने चढताना कठडा धरून थांबत थांबत येतात. पण जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणायच्याच, "ताई, औषध तुमच्याजवळच आहे. तुमचं एकीचं मन वळलं, तर आई उद्या पुरणपोळी मागतील."

मी म्हणायचे, "जपून उतरा, मावशी."

टिटवाळ्याला माझा धाकटा भाऊ राहतो. तोही माझ्यासारखाच, फक्त बोलका. फोनवर म्हणाला, "ताई, अगं म्हणून टाक की. नाटकातलं वाक्य समज. तुला काय फरक पडतो? तिकडे ऐकायला तर कुणी नाहीये."

"आई ऐकणार आहेत."

"मग काय, बघ बाबा. तुझ्यासारखी तत्त्वं असली की सासू उपाशी."

ते लागलं. डिसेंबरच्या एका गुरुवारी, पुण्याचा फोन लागेना तेव्हा, मी उभी राहिले, हात जोडले आणि सुरू केलं. शब्द शोधावे लागले नाहीत, सव्वीस वर्षं ऐकलेले होते. दुसऱ्या वाक्यावर आईंनी माझं मनगट धरलं. नर्सची पकड अजून आहे.

"थांब. तू नको."

"आई, चार ओळी आहेत."

"तू मला रोज सात गोळ्या देतेस. मी विचारते का, कुठली कशाची? नाही विचारत, कारण तू खोटं बोलत नाहीस. आता त्याच तोंडाने हे बोललीस, तर उद्यापासून मला गोळ्या मोजाव्या लागतील."

मी बसले. मग म्हटलं, खरं तेवढंच बोलते. भाजीवालीचे आभार मानले, गिरणीवाल्याचे, ज्यांनी भात लावला त्यांचे. मनापासून मानले. आईंनी डोळे मिटून ऐकलं.

"छान," त्या म्हणाल्या. "कॉलेजच्या गॅदरिंगचं आभारप्रदर्शन वाटलं. सतरंजीवाला राहिला."

दोघी हसलो. त्या दिवशी त्यांनी सहा घास खाल्ले. वहीत मी सहा लिहिलं आणि पुढे कंसात 'माझ्यासाठी' असं लिहिलं, कारण ते भुकेचे नव्हते.

नाताळ झाला. डॉक्टरांनी वजनाचा आकडा ठरवून दिला: अडतीस किलो. त्याच्या खाली गेलं की नाकातून पोटात नळी. सोबत संमतीचा फॉर्म दिला. पेशंट शुद्धीत असेल तर त्याने सही करायची, नाहीतर जवळच्या नातेवाइकाने. शुक्रवारी, दहा तारखेला, दाखवायला जायचं आहे.

तर, आजचा बुधवार. मावशी आल्या त्याच मुळी पिशवीतून फोन काढत. उद्या त्या मुलीकडे नाशिकला चालल्यात, गुडघ्याचं ऑपरेशन, परत कधी ते ठरलेलं नाही. "पण तुमची सोय करून चाललेय," त्या म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात त्यांच्या घरी उपासना होती, नंतर जेवण. माझा नवरा आणि आई गेले होते. मी घरी करंज्या तळत होते. जेवणाआधीची प्रार्थना नवऱ्याने म्हटली होती आणि मावशींच्या जावयाने ती फोनवर रेकॉर्ड करून ठेवली होती. "त्याच्याच आवाजात. रोज लावा. आई जेवतील बघा."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आनंद झाला. तक्त्याचे सगळेच रकाने एका फटक्यात भरत होते. मी वाढलं: मऊ भात, मुगाचं वरण, दुधी. मावशींनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि बटण दाबलं.

सात महिन्यांनी त्याचा आवाज घरात आला. खाकरून सुरू करायची त्याची पद्धत. अन्नाबद्दल आभार, ज्यांनी रांधलं त्यांना आशीर्वाद, ज्यांच्या ताटात आज काही नाही त्यांची आठवण. इथपर्यंत मला पाठ होतं. इथे तो नेहमी आमेन म्हणायचा. त्याने म्हटलं नाही.

"आणि प्रभू, नेहमीचंच मागतो. माझ्या घरी जी आत्ता एकटी करंज्या तळत बसलीय, तिला तू ठाऊक नाहीस. तिचं मन मऊ कर. तिला मागे ठेवून आम्हाला नेऊ नकोस."

मग पंधरा-वीस जणांचं आमेन. त्यात आईंचं सगळ्यात ठसठशीत.

मावशींनी घाईने फोन उचलला. त्यांच्या ध्यानातच नव्हतं की पुढे हे आहे. त्यांना ते खटकण्यासारखंही नव्हतं. "प्रेमाने म्हटलंय हो, ताई," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमची रिक्षा बोलावते." त्या गेल्या. प्रार्थना झाली होती, आमेन झालं होतं, आणि तरी आईंनी चमचा उचलला नव्हता.

"नेहमीचंच म्हणाला तो," मी म्हटलं. "किती वर्षं?"

"दर रविवारी."

"आमचं ठरलं होतं."

"तुला बोलवायचं नाही, असं ठरलं होतं. बोलवलं का कधी? तुझ्या पाठीमागचं तुम्ही काही लिहिलं नव्हतं." मग चमचा ताटात सरळ करत, "तुला राग येऊ नये, असं नाही म्हणत मी. येऊ दे की. मलाही आला असता."

राग कुणावर काढायचा, हा प्रश्नच होता. मी त्याच्या फोटोशी कधी बोलत नाही. तिथे कुणी नाही हे मला माहीत आहे. त्यामुळे त्याच्याशी बोलणं टाकायचीही माझी सोय नव्हती. मी ताटातला भात उगाच कालवत बसले.

"सगळं सांगूनच टाकते," आई म्हणाल्या. "तो तुझ्यासाठी मागायचा आणि मी त्याच्यासाठी. त्याच्या हृदयाचं मला आधी कळलं होतं, पाय सुजायचे तेव्हा. मी सत्तर वर्षं मागितली होती. पासष्टलाही ऐकलं असतं. चोपन्नाव्या वर्षी नेला. त्या दिवसापासून मी बोलत नाही."

"कुणाशी?"

त्यांनी चमच्याने वर दाखवलं. "अबोला आहे."

"पण प्रार्थना तर लागते तुम्हाला."

"अन्न त्याचं आहे ना. आभार न मानता कसं खाऊ? आणि मी तर बोलत नाही. म्हणून मधे कुणीतरी लागतं. तुझ्या सासऱ्यांशी भांडण झालं की मी नाही का पोराला पाठवायचे, जा, त्यांना सांग चहा झालाय."

"मग मला पाठवा की."

"तुला कुठे पाठवू? तुला त्या खोलीत कुणी दिसतच नाही. तू दारातून परत येशील."

मावशींना वाटतं मी विश्वास ठेवला की झालं. भावाला वाटतं मी खोटं बोलले की झालं. दोन्हीपैकी एकही मला जमत नाही, आणि समोर बसलेल्या बाईला दोन्हीही नको आहे. तिला हवा होता तो माणूस, जो तिचाही होता आणि माझाही, आणि दोन्हीकडे जाऊन येत होता.

"तुम्ही भांडा तरी त्या वरच्याशी," मी म्हटलं. "रागावून बोला. बोलणं तर होईल."

आईंनी यावर खरोखर विचार केला असावा. मग मान हलवली. "ताकद नाही गं. भांडायला खाल्लेलं असावं लागतं."

त्यांनी तीन चमचे वरण घेतलं, माझ्याकडे बघत, मी ताटावरून उठू नये म्हणून. मग ताट सरकवलं आणि फ्रिजवर चुंबकाने लावलेला डॉक्टरांचा फॉर्म मागितला. मी दिला. सगळा वाचला.

"किती नळ्या घातल्या असतील मी. पेशंट हाताने ओढून काढतात, मग त्यांचे हात कॉटला बांधायचे. मीच बांधायचे. शुद्धीत आहे तोवर मी सही करणार नाही. शुद्ध गेली की हे तुझ्याकडे देतील. तू करायची नाहीस. सांग, करणार नाहीस म्हणून."

मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर त्या झोपायला गेल्या असत्या. इतकंच हवं होतं. पण त्यांना अडतीस किलोवर बघताना मला हेही माहीत होतं, की त्या डोळे उघडेनाशा झाल्या तर मी सही करीन. दोन्ही हात बांधलेले दिसत असतील तरी करीन. या घरात मला दुसरं कुणी नाही.

"सांगता येत नाही, आई," मी म्हटलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "म्हणूनच गोळ्या तुझ्या हातून घेते." आणि दुपारच्या दोन गोळ्यांसाठी हात पुढे केला.

संध्याकाळी सहाचं वजन: सदतीस किलो नऊशे. काटा फरशीच्या दुसऱ्या लादीवर ठेवून पुन्हा पाहिलं. तेच.

आत्ता साडेसात वाजलेत. आई पलंगावर बसून आहेत, हात मांडीवर, बायबल मिटलेलं, खिडकीबाहेर बघतायत. पाळकसाहेबांना फोन केला. ते रविवारपर्यंत बाहेरगावी आहेत. पुण्याचा फोन उचलत नाहीत. मावशींची नाशिकची गाडी सकाळची. फॉर्म परत फ्रिजवर लावला, सहीची जागा कोरी. उद्याचं मी लिहून काढलं: साडेसात चहा, नऊ गोळ्या, अकराला मूग भिजवणे, साडेबाराला कुकर, एक वाजता जेवण. शेवटच्या रकान्यात, जिथे प्रार्थना कोण म्हणणार ते लिहायचं असतं, मी दोनदा पेन्सिलने माझं नाव लिहिलं आणि दोनदा खोडलं. कागद तिथे पातळ झालाय. गुरुवार दुपार भरायची राहिली आहे.