शून्याखालच्या पायऱ्या

माझी मोठी बहीण आणि मी एकाच वर्गात होतो. गावात शाळा उशिरा निघाली, म्हणून बाबांनी दोघींचं नाव एकाच दिवशी घातलं. घर आमचं ढिवराचं. तलावात जाळं टाकायचं आणि धानाच्या रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतात, बांधीत मजुरीला जायचं. सातवीला आम्ही नागभीडच्या शाळेत जाऊ लागलो. वर्गात मुली आम्ही दोघीच.

गुरुजींनी फळ्यावर शून्याच्या डावीकडे आकडे लिहिले आणि म्हणाले, ‘‘या उणे संख्या.’’ माझं डोकं तिथंच अडलं. काहीच नाही, त्याहून कमी ते काय असणार? वाटेत मी रडायला लागले.

बहिणीला मी बाई म्हणायची. तिनं मला तलावाच्या घाटावर नेलं. पाणी टेकलं होतं त्या पायरीवर उभं केलं.

‘‘हे शून्य. वर चढली का अधिक, पाण्यात उतरली का उणे. जा उणे तीनवर.’’

मी मांडीभर पाण्यात उतरले.

‘‘आता पाच मिळव.’’

मी मोजत चढले आणि कोरड्या दगडावर आले.

‘‘कितीवर आली?’’

‘‘दोनवर.’’

‘‘मंग? काऊन रडून राह्यली होती व?’’

तुळशीची लग्नं झाली आणि बाईचं ठरलं. धानोऱ्याकडे, जंगलातल्या गावी. गुरुजी सायकलनं घरी आले. मी दाराआड होते.

‘‘भाऊ, मोठीले शिकू द्या. लहानीले गणित जमत नाई.’’

बाबा जाळं विणत राहिले. ‘‘मोठीले घरी ठेवून लहानीचं लगन कसं करू, गुरुजी?’’

गुरुजींचा मला राग आला नाही. ते म्हणाले ते खरंच होतं. तिच्याऐवजी मला देऊन टाका, असं ओठांवर आलं होतं. मी दाराआडून बाहेर आले नाही.

ती गेली. वर्गात कंस आले, कंसाबाहेर उणे आलं, उणे गुणिले उणे अधिक झालं. का, ते गुरुजी सांगायचे, पण माझ्यापर्यंत पोचायचं नाही. घाटावर एकटीच जाऊन उभी राहायची. या हिशेबाला पायऱ्या कशा लावायच्या, तेच कळत नव्हतं.

शिमग्याला बाई आली. तापानं तिचे गाल बसले होते. मी पाटी पुढं केली. तिनं ती हातात घेतली, खूप वेळ पाहिली.

‘‘मले नाई येत आता.’’

‘‘थोडं पाह्य तरी, बाई.’’

‘‘नाई येत म्हणते ना!’’ पाटी खाली ठेवून ती चुलीपाशी गेली, आणि फुंकणी घेऊन उगाच फुंकत बसली. चूल पेटलेलीच होती.

गणितात मी नापास झाले. घरात कुणी रागावलं नाही. दुसऱ्या सकाळी मायनं मासोळ्यांची टोपली माझ्या डोक्यावर दिली.

गुरुजी बाजारात भेटायचे. बाई कशी आहे, विचारायचे. मी ‘बरी आहे’ म्हणायची आणि त्यांची नजर चुकवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची.