आधी सुट्ट्या

मेजरसाहेब काम मांडण्याआधी सुट्ट्या मांडायचे. इंजिनियरिंग मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर वर्गात आमच्या गटाला पहिला प्रकल्प मिळाला तो कारखाना उभारण्याचा, अर्थात कागदावर. आम्ही लॅपटॉप उघडून बसलो. हे चाळिशीचे गृहस्थ, अभ्यासरजेवर आलेले सैन्यातले इंजिनियर, पांढऱ्या फळ्यापाशी गेले आणि विचारू लागले, "लग्न कुणाच्या घरी आहे? परीक्षा कुणाची? आजारी कोण?"

पुण्याहून आलेला निखिल हसला. "सर, कागदावरच्या फॅक्टरीत कुणाची आजी आजारी पडते?"

"आजी आधी धर, बाळा. नाहीतर पोरं तिला मारून सुट्टी घेतात. माझ्या तुकडीत एकाची आजी तीन वेळा वारली."

प्राध्यापकांनी गुण कापले. माणसं बऱ्याच ठिकाणी रिकामी दिसतात, म्हणाले. मेजरसाहेब उत्तर देताना नेहमी उभे राहायचे, तसे उभे राहिले. "सर, ती रिकामी नाहीत. घरी गेलीत." गुण वाढले नाहीत. पुढच्या प्रकल्पातही त्यांनी तेच केलं.

आमचं घराणं बंगळूरात इतक्या पिढ्या आहे की मुळात कुठून आलो हे आजोबांनाही नीट सांगता येत नाही. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कन्नड. वर्गात मी यातल्या कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसे. एकदा माझा धाकटा भाऊ फोनवर "अक्का, अक्का" करत होता ते मेजरसाहेबांनी ऐकलं आणि त्या दिवसापासून मीही त्यांची अक्का झाले, वयाने त्यांच्या निम्मी असून. "अक्का, तुझ्या मराठीला कढीपत्त्याची फोडणी आहे," म्हणायचे. ते स्वतः कोल्हापूरकडचे. पण कन्नडमधला 'सरी', म्हणजे 'ठीक आहे', त्यांनी उचलला होता आणि तो कुठेही चालवायचे. कॅन्टीनमधला डोसा संपला, सरी. रिक्षावाला येणार नाही म्हणाला, सरी.

त्यांची बायको आणि मुलगी बंगळूरातच हेब्बाळला राहत. मुलगी लहान होती तेव्हा ते सरहद्दीवर पूल बांधत होते. "मी घरात शिरलो की विचारते, बाबा, चहा घेणार? पाहुण्याला विचारतात तसं," त्यांनी एकदा सांगितलं आणि लगेच निखिलच्या नव्या बुटांची चेष्टा सुरू केली. अभ्यासरजा घेतली की पुढची काही वर्षं सैन्यातच काढावी लागतात, हे त्यांना माहीत होतं. तरी घरच्या कारणासाठी आपल्याला सोडावं, असा अर्ज त्यांनी वर पाठवला होता. मुलीची दहावी यायच्या आत त्यांना घरी यायचं होतं, कायमचं.

प्रकल्पाच्या तक्त्यात सगळ्यांच्या सुट्ट्या असत, त्यांची नसे. मी विचारलं तर म्हणाले, "सवय नाही, अक्का."

शेवटच्या वर्षी एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत ते मुलाखतीला गेले. समोरचा मुलगा निखिलच्या वयाचा. त्याने विचारलं, "सोडून जाऊ शकणारी माणसं तुम्ही कधी सांभाळलीत का?"

"नाही म्हटलं," मेजरसाहेब आम्हाला सांगत होते. "माझ्या तुकडीतून कुणालाच जाता येत नव्हतं. मलाही." निखिल हसला, तेही हसले.

त्याच आठवड्यात मी सगळ्या वर्गासमोर बोलायला उभी राहिले आणि एक शब्दही आला नाही. कॅन्टीनमध्ये मी त्यांना सांगितलं, शिक्षण सोडतेय. त्यांनी समजूत घातली नाही.

"तू जाऊ शकतेस. मग तुझ्यासारखीला थांबवतात कसं?"

"माहीत नाही."

"मलाही नाही." त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "पुढच्या कामात तुझं नाव ठेवू की काढू?"

"ठेवा," मी म्हटलं.

नोकरी त्यांना मिळाली. शेवटच्या प्रकल्पाचा तक्ता आम्ही फळ्यावर मांडला, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या नावापुढेही सुट्टी लिहिली: मार्च, मुलीची परीक्षा. निखिलने टाळ्या वाजवल्या. मेजरसाहेब लाजले.

सैन्यातून सोडण्याचा अर्ज नामंजूर झाल्याचं त्यांना आमच्यासमोरच कळलं. फोनवर वाचलं, फोन टेबलावर उपडा ठेवला. "सरी," म्हणाले. उठून फळ्यापाशी गेले आणि मार्च पुसला. डस्टर शेजारीच होता, तरी तळहाताने पुसला. "चला, पुढचं काम कुणाचं?" कुणीतरी सांगितलं. मी लिहून घेतलं. मला काहीच वाटलं नाही. अजूनही तो प्रसंग आठवला की त्यांच्या हाताला लागलेली निळी शाई तेवढी दिसते.

सैन्यात परत निघायच्या दिवशी ते कॉलेजच्या फाटकाशी भेटले.  मुलगी कशी आहे, मी विचारलं.

"आता चहा विचारत नाही," ते म्हणाले. "स्वतःचा अर्धा उरलेला कप माझ्यापुढे सरकवते." मग रिक्षा आली.

आता मी इंदिरानगरमधल्या एका ऑफिसात लहानशी टीम सांभाळते. तक्ता करताना आधी सुट्ट्या मांडते, आणि पहिली ओळ माझी असते. मागच्या महिन्यात एक मुलगा सोडून जातो म्हणाला. मी विचारलं, नाव ठेवू की काढू? काढा, म्हणाला. मी काढलं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी कुठे जात नाही. घरीच बसते. आईचा चहा अर्धा झाला की तिचा कप माझ्याकडे ओढते.